फ्रेंच रेशमी गाऊन खरंच अठराव्या शतकातला आहे का, हे शिवणीवरून कसं ओळखायचं?

पाठीवरून जमिनीपर्यंत मोकळ्या चुण्या सोडलेला गाऊन म्हणजे 'रोब आ ला फ्रांसेज'. पण फक्त चुण्या बघून काळ ठरवू नका. 19व्या शतकात फॅन्सी ड्रेससाठी असे गाऊन नव्याने शिवले गेले, आणि खरे जुनेही फेरफार करून वापरले गेले. गाऊन उलटा करा, निकाल आतच लागतो.

आत कमरेपर्यंत अंगाला घट्ट बसणारं लिननचं अस्तर हवं. मागच्या चुण्या गळ्यापाशी काही सेंटिमीटरच त्याला शिवलेल्या असतात, खाली मोकळ्या. चुण्यांच्या आड हे अस्तर बहुतेकदा मधोमध उभं उघडं असतं आणि नाडीने आवळता येतं. बाहेरून सैल दिसणारा गाऊन अंगावर चापून बसतो तो यामुळे. नाडीची भोकं दोऱ्याने गुंफलेली असावीत. धातूच्या रिंगा असतील तर तेवढं काम तरी नक्कीच 19व्या शतकातलं किंवा त्यानंतरचं.

मग पन्हा मोजा, काठापासून काठापर्यंत. त्या काळचं रेशीम साधारण 50 ते 55 सेंमी पन्ह्याचं. मीटरभर पन्हा निघाला तर मला लगेच शंका येईल. कापड महाग आणि शिलाई स्वस्त, त्यामुळे कात्री शक्य तितकी कमी चालवायची. जास्तीचं कापड चुण्यांत मुडपून टाकायचं. छातीला डार्ट (कापड चिमटून घातलेली निमुळती शिवण) दिसला तर तो बहुधा नंतर घातलेला.

घेराच्या उभ्या शिवणी लांब धावदोऱ्याच्या असतात, सहज उसवता याव्यात अशा, कारण कापड पुन्हा वापरायचं असे. बाहीचा मुंढा खालून बारीक टीप घालून पक्का केलेला, वर मात्र चुण्या घालून अस्तरावर टाचलेला, आणि खांद्याची पट्टी ते सगळं झाकते. नव्याने शिवलेल्या नकलांत नेमकं हेच चुकतं: बाही आजच्यासारखी सबंध गोल जोडलेली असते. एखाद-दुसरी मशीनची टीप दिसली म्हणून गाऊन बाद करू नका, ती दुरुस्ती असू शकते. मुख्य शिवणीच मशीनच्या असतील तर विषय संपला.

छातीवरचा त्रिकोणी तुकडा नाही म्हणून घाबरू नका. तो वेगळाच असे, टाचण्यांनी लावत, आणि हरवतोही तोच. पुढच्या कडांना टाचण्यांची बारीक भोकं शोधा. झालरी त्याच रेशमाच्या, कडा बऱ्याचदा दुमडण्याऐवजी पोलादी ठशाने नागमोडी कापलेल्या.

पाठीवर जुन्या घड्यांच्या फिक्या रेषा असतील तर चुण्या कधीतरी हलवल्या आहेत. 1770 नंतर पाठ घट्ट बसवायची फॅशन आली, तेव्हा असे बदल पुष्कळ झाले. गाऊन तरीही अस्सलच, फक्त किंमत ठरवताना हे धरा.

तपासताना तो हँगरला मुळीच लावू नका. घेराचं सगळं वजन खांद्यांवर येतं आणि रेशीम तिथेच फाटतं. टेबलावर आडवा ठेवा, आणि काही झालं तरी धुऊ नका.