< आणि > यातलं ‘पेक्षा लहान’ कुठलं, हे दर वेळी उलटं का होतं?

तुम्ही लिहिलंय की ‘मगरीचं तोंड मोठ्या संख्येकडे’ हे शाळेपासून पाठ आहे, तरी क्ष < ७ दिसलं की तोंडाने काय म्हणायचं ते सुचत नाही, खाली रेघ असलेलं ≤ आलं की सगळाच गोंधळ, आणि या वयात विचारायची लाज वाटते. लाज अजिबात वाटून घेऊ नका. मी बरीच वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतेय, मोठमोठी समीकरणं सोडवणारी मुलंसुद्धा इथे अडखळलेली पाहिलीत.

मगर वाईट नाही, पण तिचा उपयोग चिन्ह काढताना होतो, दोन्ही संख्या समोर असताना. ३ आणि ७ दिलेत, मोठी कुठली ते माहितीय, तोंड तिकडे करा, झालं. क्ष < ७ मध्ये क्ष किती हेच माहीत नाही, तिथे मगर काय करणार? तिथे चिन्ह वाचावं लागतं, आणि वाचताना मराठीत एक अडचण येते जी कुणी सांगतच नाही. इंग्रजीत ‘इज लेस दॅन’ हे शब्द बरोब्बर दोन संख्यांच्या मध्ये येतात, जिथे चिन्ह आहे तिथेच. आपण म्हणतो ‘३ हा ७ पेक्षा लहान’, म्हणजे चिन्ह मध्ये आणि शब्द पार शेवटी, त्यात ‘पेक्षा लहान’ जाऊन चिकटतं सातला, मग ऐकणाऱ्याच्या डोक्यात सातच लहान होऊन बसतो.

म्हणून मी मुलांना वाक्य मोडून बोलायला लावते. डावीकडच्या संख्येवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही कशी आहे? चिन्हाचं टोक तिच्याकडे असेल तर लहान, उघडी बाजू असेल तर मोठी. क्ष < ७ मध्ये टोक क्ष कडे आहे, म्हणून ‘क्ष लहान आहे… ७ पेक्षा’. कानाला विचित्र लागतं खरं, पण चार दिवस असं मोठ्याने म्हणा, चिन्हाच्या क्रमानेच शब्द येतात आणि उलटं व्हायचं थांबतं. तेच वाक्य ७ > क्ष असंही लिहिता येतं, अर्थ एकच.

आकाराकडे नीट बघितलं तरी उत्तर तिथेच आहे. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने बरोबरचं चिन्ह म्हणून दोन समांतर रेघा घेतल्या, कारण याहून सारखं दुसरं काही असूच शकत नाही असं त्याचं म्हणणं होतं. = मध्ये दोन रेघांमधलं अंतर दोन्हीकडे तेवढंच असतं. < मध्ये ते एका बाजूला मिटत जातं. अंतर जास्त तिथे संख्या मोठी, बस. < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात पहिल्यांदा छापली गेली, १६३१ साली, तो जाऊन १० वर्षं झाल्यावर.

आता ≤. ती खालची रेघ म्हणजे बरोबरच्या चिन्हाचा उरलेला तुकडा समजा. पिएर बूगे या फ्रेंच गणितज्ञाने १७३४ मध्ये हे चिन्ह वापरलं तेव्हा तर खाली दोन रेघा होत्या, आख्खं = च. अर्थ ‘लहान किंवा बरोबर’, आणि यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. ५ ≤ ५ हे खरं आहे का असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात, ५ हा ५ पेक्षा लहान कसा? लहान नाहीच आहे, पण बरोबर आहे ना, दोन्हीतलं एक खरं असलं की पुरे.

खरी फसगत शब्दांतून चिन्ह करताना होते. ‘वय कमीत कमी १८’ हे लिहायला सांगितलं की ‘कमी’ ऐकून हात < कडे जातो, पण १८, १९, ४० सगळी चालतात, म्हणजे वय ≥ १८, ‘मोठं किंवा बरोबर’. ‘जास्तीत जास्त १०’ मध्येही तसंच, शब्द जास्त आणि चिन्ह ≤. अशा वेळी शब्दाच्या नादी न लागता एक-दोन आकडे घालून बघा, कुठला चालतो कुठला नाही, आणि नेमका काठावरचा आकडा चालतो का ते तपासा. ‘१८ च्या वर’ म्हटलं तर १८ चालत नाही, तिथे खाली रेघ नको.

ऋण संख्यांचंही तुम्ही शेवटी विचारलंय. एका मुलीच्या वहीत -७ > -३ इतक्यांदा खोडून लिहिलेलं होतं की कागदाला भोक पडलं होतं, तिला ७ मोठा दिसत होता आणि मला तिची तळमळ. संख्यारेषा काढली, जो डावीकडे तो लहान, -७ डावीकडे, तिचं तिलाच कळलं. ऋण संख्येने गुणलं-भागलं की चिन्ह उलटं होतं तेही याचमुळे, शून्यापाशी आरसा धरल्यासारखी डावी-उजवी बाजू बदलते: २ < ५ पण -२ > -५. म्हणून -२क्ष < ६ ला -२ ने भागलं की क्ष > -३. शंका आली तर क्ष च्या जागी ० टाका, ० < ६ बरोबर, ० > -३ हेही बरोबर. चिन्ह न उलटता क्ष < -३ लिहिलं असतं तर त्यात ० बसलाच नसता.