रोप लावले, पण जगवले कोणी?

प्रश्न : केनियातील तरुण पर्यावरण कार्यकर्त्या एलिझाबेथ वाथुती शाळाशाळांतून मुलांकडून झाडे लावून घेतात, असे वाचनात आले. अशा मोहिमा तर सगळीकडेच होतात आणि त्यांतली बरीच रोपे वर्षभरात वाळून जातात. मग त्यांच्या कामात वेगळे काय? – एक शिक्षिका

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि वाथुती यांच्या कामाचा गाभाही तिथेच आहे. मध्य केनियातील न्येरी या हिरव्यागार मुलखात त्या वाढल्या, सातव्या वर्षी त्यांनी पहिले झाड लावले आणि २०१६ मध्ये ‘ग्रीन जनरेशन इनिशिएटिव्ह’ ही संस्था सुरू केली. या संस्थेमार्फत मुले शाळेच्या आवारात फळझाडे लावतात आणि प्रत्येक मूल एकेक झाड दत्तक घेते. मला यातली दत्तक घेण्याची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण रोप ‘शाळेचे’ असले की ते कोणाचेच नसते.

केनियात मार्च ते मे हा मोठा पावसाळा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा. छोट्या पावसात लावलेल्या रोपाची खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात होते. तेव्हा आळ्यात तांब्याभर पाणी घालणारे, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करणारे आणि शेळीने शेंडा खुडला तर हळहळणारे कोणीतरी लागते. हे करता करता मूल जे शिकते, ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

हा विचार केनियाला नवा नाही. नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी वांगारी माथाई याही न्येरीच्याच. त्यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीन बेल्ट’ चळवळीत गावोगावच्या महिलांना जगलेल्या रोपामागे अल्प मोबदला मिळे. नुसते लावल्याचे पैसे नव्हते. पुढे माथाई यांच्या नावाची शिष्यवृत्ती वाथुती यांना मिळाली. आता केनिया सरकारने २०३२ पर्यंत १५ अब्ज झाडांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि एवढ्या मोठ्या आकड्यापुढे तर ‘किती जगली’ हा प्रश्न अधिकच आग्रहाने विचारायला हवा.

वाथुती फळझाडांवर भर देतात, त्यामागे भुकेचाही विचार आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जगभरच्या नेत्यांसमोर त्यांनी केनियातील दुष्काळाने उपासमारीच्या तोंडी गेलेल्या वीस लाखांहून अधिक देशबांधवांची व्यथा मांडली आणि ज्यांच्यापर्यंत मदत पोहोचत नाही त्यांच्यासाठी सभागृहाला क्षणभर स्तब्ध राहायला लावले. शाळेतले झाड सावली देते, माती धरते आणि मुलाच्या हाती फळही ठेवते.

आपल्या शाळेत असे काही करायचे असेल, तर फळझाडाचे कलमी रोप घ्यावे. उदाहरणार्थ, ॲव्होकॅडोच्या कलमाला साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते, म्हणजे खालच्या वर्गात रोप लावणारे मूल तेव्हाही शाळेतच असते; कोयीपासून वाढवलेल्या झाडाला याहून बरीच अधिक वर्षे लागतात.