उपग्रहाच्या फोटोत चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं की लाल रंग का विरतो?

लाल म्हणजे तापलेलं, हा समज आधी सोडा. इन्फ्रारेड कॅमेरा ढगांच्या माथ्यावरून निघणारी उष्णता मोजतो, आणि बऱ्याच नकाशांत लाल रंग सगळ्यात थंड माथ्यांना देतात. उणे ७०-८० अंशांच्या! ढग जितका उंच, तितका माथा गार आणि बाहेर पडणारं उष्णतेचं प्रारण कमी. जमिनीवर आलं की वादळाची समुद्राच्या वाफेची रसद तुटते, ढग खुजे होतात, माथे उबदार दिसू लागतात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’चंही तेच झालं. टायफूनची, म्हणजे वायव्य पॅसिफिकमधल्या चक्रीवादळांची, अशी चित्रं जपानचा हिमावारी उपग्रह दर १० मिनिटांनी देतो.

साताऱ्यात बसून या रंगांवरून पावसाचा अंदाज मात्र बांधू नका. महाबळेश्वरचा धो धो पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतूनच पडतो आणि फोटोत ते फिकेच दिसतात.