यूसीचा अर्ज: नववीतच सुरुवात करा

मुलगी आत्ता नववीत आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) प्रवेशासाठी काय करायचं असं विचारता, म्हणजे वेळ हातात आहे. आधी एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या त्या परीक्षेचा, क्लास डोक्यातून काढा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं कुठलंच कॅम्पस प्रवेश देताना तो स्कोअर बघत नाही. ते शनिवार तिला मोकळे द्या.

खरं वजन ‘ए-जी’ विषयांना, म्हणजे हायस्कूलमध्ये पूर्ण करायला यूसीने ठरवून दिलेल्या विषयांना. वर्षभराचे १५ कोर्स, प्रत्येकात किमान सी ग्रेड, आणि त्यातले ११ अकरावी संपेपर्यंत. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, धरतात दहावी-अकरावीचा. नववीचे ग्रेड त्यात मोजत नाहीत, तरी अर्जात दिसतात, म्हणून तिने आत्ताही ढिलाई करू नये.

निबंधांकडे मात्र मनापासून बघा. आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. शिफारसपत्रं सहसा मागतच नाहीत, त्यामुळे मुलांचा आवाज पोचतो तो इथेच. माझ्या मुलाने पहिल्यांदा नुसती बक्षिसांची जंत्री लिहिली होती. मग आजी आजारी असताना घरातलं त्याने काय काय उचललं ते साधेपणाने लिहिलं, तेव्हा मला माझा मुलगा त्या कागदावर दिसला. तुम्ही स्वतः लिहून देऊ नका, फक्त ऐका.

आणखी एक. राज्यातल्या वरच्या ९ टक्क्यांत आलेल्या मुलांना कुठल्या तरी कॅम्पसला जागा देऊ करतात, पण तिथे जागा शिल्लक असली तरच. बर्कलीसारख्या नावाजलेल्या कॅम्पसची खात्री त्यात नाही. यूसीच्याच मर्सेड कॅम्पसचं नाव ऐकून आपल्याकडे नाकं मुरडतात, ते मला पटत नाही.

याच सेमिस्टरला काउन्सेलरला भेटा आणि तिचे विषय शाळेच्या ए-जी यादीत आहेत ना, ते तपासून घ्या.