इंजिनाचा दिवा लागला? आधी बघ, तो लुकलुकतोय का

डॅशबोर्डवरचा दिवा बघून तुझा जीव खालीवर झालाय, हे समजतं. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि तापमान वाढलेलं नसेल, तर सावकाश चालवत गॅरेजपर्यंत ने. लुकलुकत असेल तर मात्र बाजूला घे आणि इंजिन बंद कर. तेव्हा इंजिन मिसफायर करत असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. मी पावसात चोर्ला घाट चढताना 'वर पोचलो की बघू' म्हणत गाडी तशीच दामटली. बिघडली होती फक्त एक इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती), पण त्या हट्टापायी कन्व्हर्टरही बदलावा लागला. तू ती चूक करू नकोस रे.

ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर जागीच थांब. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नको, भाजशील.

गॅरेजमध्ये आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावायला सांग. त्याचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली असतं. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढ. पी०३०० म्हणजे मिसफायर, पण दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे तपासूनच कळतं. कोड बघून लगेच पार्ट बदलायला निघालेल्याला थांबव. आपल्याकडे पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवट गंज चढतो, उंदीर वायरी कुरतडतात. ते आधी बघायला लाव. आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवू देऊ नको. दोष तसाच राहतो, नोंद तेवढी पुसली जाते.