पायांच्या आधी कान

प्रिय पोरी,

तुझं पत्र नीट वाचलं, सोबतचा व्हिडिओही बघितला. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेलं अंग आहे तुझं. उलटं व्हायची भीती नाही, लाथ सहज डोक्याच्या वर जाते. तरी कापोएराच्या, म्हणजे वाद्यांच्या तालावर लाथा आणि हुलकावण्यांनी खेळायच्या त्या ब्राझिली खेळाच्या, रिंगणात उतरलीस की गडबडतेस आणि तुझ्याहून मंद दिसणारी मुलगी तुला अलगद खाली बसवते, हे तुझ्या मनाला फार लागलंय. म्हणून विचारलंस, ‘ताई, सरावात आणखी कुठल्या उड्या घेऊ?’

एकही घेऊ नकोस. आहेत त्या पुष्कळ आहेत. तुझं ऐकणं कमी पडतंय.

व्हिडिओ पुन्हा लाव आणि या वेळी डोळे मिटून ऐक. तीन बेरिंबाव, म्हणजे भोपळा बांधलेली एका तारेची धनुष्यं, वाजतायत. सगळ्यांत जाड आवाजाचा गुंगा, मधला मेजियो आणि वर बारीक आवाजात खेळणारी व्हिओला. गुंगाने ‘आंगोला’ची चाल धरली आहे, संथ, जमिनीलगतची. या चालीवर जवळून खेळायचं असतं: हात जमिनीशी, डोकं खाली, नजर समोरच्यावर. तू मात्र पहिल्या क्षणापासून उंच फिरत्या लाथा मारत सुटलीस. थोड्या वेळाने गुंगा वाजवणारा एकच स्वर टण टण टण असा लागोपाठ काढतो. ते बोलावणं आहे. दोघींनी खेळ थांबवून बेरिंबावच्या पायाशी यायचं. समोरची थांबली, तिने हात पुढे केला. तू तेव्हा हवेत होतीस.

हे मी नुसती शिस्त म्हणून सांगत नाही. कापोएरा घडवला तो आफ्रिकेतून, त्यातही अंगोला-काँगोच्या बाजूने, जहाजांत कोंबून ब्राझीलला नेलेल्या गुलाम माणसांनी आणि त्यांच्या लेकरांनी. १३ मे १८८८ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. आणि १८९० च्या दंडसंहितेत कलम ४०२ आलं: रस्त्यात, चौकात कापोएरा करताना सापडलं तर दोन ते सहा महिने कैद. बेड्या तुटून जेमतेम दोन वर्षं झाली होती! घोडेस्वार पोलिसांची चाहूल लागली की बेरिंबाववर ‘काव्हालारिया’ची चाल वाजायची, टापांच्या लयीत, आणि रिंगण पांगायचं, असं जुने मेस्त्रे, म्हणजे गुरू, सांगत आले. तिथे ज्याचे कान वाद्यावर नसतील त्याचं काय होत असेल, याचा विचार कर.

आता तू पडलीस कशी ते बघू. तू मेया लुआ दे कोंपासो मारलीस: हात जमिनीवर टेकून, पाठ वळवून, टाच मागून गोल. त्या फेऱ्यात एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायावर असतो. ती त्या क्षणाच्या जराशी आधी खाली बसली, तुझ्या टाचेमागे आपलं पाऊल आकड्यासारखं अडकवलं आणि जमिनीलगत ओढलं. हीच हास्तेइरा. तिला जोर लावावाच लागला नाही. तुझी लाथ कधी येणार हे तिला ठाऊक होतं, कारण तू दर दोन जिंगांनंतर, म्हणजे पाय मागे-पुढे टाकत झुलायच्या मूळ चालीच्या दोन फेऱ्यांनंतर, तीच लाथ, त्याच बाजूने मारत होतीस. तीही समोरून काय येतंय ते ऐकत होती, म्हणून तिला जमलं.

मल्लखांबात दोरी तुझ्यासाठी थांबते. समोरचा माणूस थांबत नाही. त्याला काहीतरी विचारावं लागतं, मग त्याचं उत्तर येऊ द्यावं लागतं, आणि त्या उत्तरातून तुझी पुढची हालचाल निघते. तू जिंगाकडे दोन लाथांमधला विसावा म्हणून बघतेस. माझ्या लेखी सगळा कापोएरा तिथेच आहे. पाय मागे-पुढे जातायत, हात चेहरा राखतायत, आणि त्या झुलण्यात समोरच्याचा खांदा किंचित ढळतो. मी सरकते. तो हसतो, कारण मला कळलं हे त्यालाही कळलेलं असतं. या एका हसण्यासाठी मी इतकी वर्षं हा खेळ खेळते आहे आणि गुडघे साथ देतील तोवर खेळणार आहे.

तेव्हा पुढचे काही महिने असं कर. वर्गात रिंगण लागलं की खेळायला धावू नकोस, आधी वाजवायला उभी राहा. पांदेरोपासून, म्हणजे खंजिरीपासून, सुरुवात कर, मग बेरिंबाव उचल. करंगळी भोपळ्याच्या दोरीखाली घालून सगळं धनुष्य तिच्यावर पेलायचं असतं. पहिले काही आठवडे ती करंगळी सुजेल, काळीनिळी होईल. होऊ दे, पण फार दुखलं की उतरवून ठेव. त्याच हाताच्या अंगठा आणि तर्जनीत दगड, दुसऱ्या हातात काठी आणि काशीशीचा खुळखुळा. दगड तारेपासून दूर असताना एक स्वर, घट्ट दाबला की दुसरा, नुसता टेकवला की तिसरा, झणझणणारा. भोपळ्याचं तोंड पोटाशी आणलं की आवाज मिटतो, दूर केलं की उघडतो. हे हाताला कळलं की खेळताना पाय आपोआप दबकू लागतील. गाणीही पाठ कर, अर्थासकट. सुरुवातीची लादाइन्या, म्हणजे खेळाआधीचं गाणं, चालू असताना कुणीही खेळत नाही. दोघं बेरिंबावच्या पायाशी उकिडवे बसून ऐकत असतात. तेवढा वेळ मोबाइल बॅगेत, आणि मन तिथे.

गाण्यांत नावं येतील, त्यांची ओळख असू दे. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात मेस्त्रे बिंबांनी १९३२ मध्ये शाळा काढली, १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली आणि कापोएरा गल्लीतून छपराखाली आला. शिकायला येणाऱ्याने नोकरी तरी करावी किंवा शिक्षण तरी घ्यावं, अशी त्यांची अट होती. मेस्त्रे पास्तिन्यांनी जुनी आंगोलाची रीत जपली आणि १९६६ मध्ये सेनेगलमधल्या डकारच्या कृष्णवर्णीय कला महोत्सवात आपल्या शिष्यांना घेऊन गेले. त्यांना पुढे साल्व्हादोरच्या जुन्या पेलोरिन्यो वस्तीतली शाळेची जागा सोडावी लागली, दृष्टी गेली, १९८१ मध्ये ते हलाखीत वारले. बिंबाही शेवटी निराश होऊन आपलं शहर सोडून गेले होते. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला मानवजातीचा वारसा म्हटलं, तेव्हा हे दोघेही नव्हते. याचा मला राग येतो आणि तो तुलाही यावा असं वाटतं. कधी साल्व्हादोरला गेलीस तर सांतो आंतोनियोचा किल्ला बघ. तिथे पूर्वी तुरुंग होता. पास्तिन्यांचे शिष्य जोआंव पेकेनो यांनी १९८० च्या दशकात तिथेच वर्ग सुरू केला आणि आज त्या भिंतींच्या आत कापोएराच्या शाळा चालतात.

मल्लखांब सोडू का, असंही विचारलंस. मुळीच सोडू नकोस. हाताची ती पकड आणि उलटं असताना शांत राहणं तुला आयुष्यभर पुरेल. फक्त रिंगणात आऊ, म्हणजे हात टेकून बाजूची कोलांटी, घालताना पाय सरळ, टोकदार ठेवून दाखवायची सवय मोड. इथे गुडघे दुमडलेले, पोट झाकलेलं, डोळे समोरच्यावर. सरळ पायांनी उघडी पडलीस तर कुणीही डोक्याने धडक देईल, आणि तो त्याचा हक्क आहे.

बेरिंबाव विकत घेऊ नकोस, महाग पडतो. ब्राझीलमध्ये बिरिबाचं लाकूड वापरतात, आपण चिवट भरीव बांबू घेऊ. एकतारीला लागतो तसा लहान, वाळलेला भोपळा बघून ठेव. टायरच्या दुकानातून फाटका टायर माग, त्याच्या काठातली पोलादी तार काढता येते. तार चढवताना धनुष्य वाकवायला जोर लागतो आणि ती निसटली तर डोळ्यावर येते, म्हणून एकटीने करू नकोस. शनिवारी वर्ग सुटल्यावर थांब, पहिली तार मी चढवून दाखवते.

तुझी,
ताई