प्रशिक्षणानं शिक्षकाचं शिकवणं बदलतं का, आणि ते मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. एमएडच्या लघुशोधप्रबंधासाठी तुम्ही सेवांतर्गत (नोकरीत असताना मिळणाऱ्या) प्रशिक्षणाचा विषय घेतलाय, 100 शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेणार आहात, आणि विचारताय की प्रशिक्षणाचा वर्गात खरंच उपयोग होतो का, आणि तो मोजायला प्रश्नावली पुरेल का.

नाही पुरणार. मी 1998 पासून बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहे. अशा प्रश्नावल्या मी पंचवीस-तीस तरी भरल्या असतील आणि एकीतही मनातलं लिहिलेलं नाही. लिहिणार कसं? फॉर्म केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आमच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, हातून येतो, वर नाव, शाळा, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक). 'प्रशिक्षणामुळे माझ्या अध्यापनात बदल झाला' यापुढे पाच चौकटी असतात. सगळा हॉल 'पूर्णतः सहमत'वर खूण करतो आणि एसटी गाठायला निघतो. हा डेटा घेऊन तुम्ही सरासरी काढा, टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक तपासणारा आकडा) काढा, हाती काही लागणार नाही.

आता उपयोग होतो का, याबद्दल. मला जे सांगायचंय ते एका वजाबाकीवरून सांगते.

2009 साल. वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. तिसरी माझ्याकडे होती, पट 17. त्यातली निम्मी मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. आईबाप दिवाळीनंतर कारखान्यावर गेले की काही मुलं हंगामी वसतिगृहात राहायची, काही सोबत जायची. हातच्याची वजाबाकी सुरू होती. फळ्यावर दिलं 52 वजा 27. नऊ जणांनी लिहिलं 35. मी अकरा वर्षं जे करत आले तेच केलं. पाटीवर फुली मारली, 'हातचा घ्यायचा विसरलास' म्हणाले, पुन्हा करून दाखवलं. चार-पाच मुलांचं जुळलं, बाकीच्यांचं जुळेना. दुसऱ्या दिवशीही तेच 35.

पाटीचा एक तोटा असतो. चूक पुसली जाते. मी पोषण आहाराच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या आणि सांगितलं, यावर करा, पुसायचं नाही, खोडायचंही नाही. मग एकेकाला जवळ बसवून विचारलं, कसं केलंस ते सांग. रागावणार नाही म्हणून आधी कबूल केलं, तेव्हा मुलं बोलायला लागली.

एक मुलगा म्हणाला, "बाई, दोनातून सात जाईनात. मग सातातून दोन काढले." म्हणजे 5. पाचातून दोन गेले 3. झाले 35.

शेजारच्या मुलीचंही 35. तिला विचारलं. ती म्हणाली, "मी हातचा घेतला की. बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन."

मी ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ बसले होते. उत्तर एकच, चूक वेगळी. त्या पोरानं हातचा घेतलाच नव्हता. या पोरीनं घेतला होता, पण पाच दशकांतला एक कमी केला नव्हता. आणि मी दोघांनाही एकच औषध देत होते, 'हातचा घे'. तिनं तर घेतला होता! मग ती माझं ऐकून आणखी काय करणार?

नंतर लक्षात आलं की दोष माझ्या गणितातही होता. 52 वजा 27 मध्ये दोन्ही चुका 35 वरच येऊन पडतात. दुसऱ्या दिवशी मी 53 वजा 27 दिलं. लहान आकडा मोठ्यातून काढणाऱ्यांचं उत्तर 34 आलं. हातचा घेऊन दशक तसाच ठेवणाऱ्यांचं 36 आलं. 'तीनातून सात जात नाहीत म्हणजे काहीच उरत नाही' म्हणणाऱ्या एकाचं 30 आलं. बरोबर उत्तर 26. एक आकडा बदलला आणि कोणाचं कुठे अडलंय ते उत्तरावरून दिसायला लागलं.

त्या मुलीला काड्या दिल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावलेले आणि तीन सुट्ट्या. म्हटलं, यातल्या 27 मला दे. तिनं काय करावं? गठ्ठ्याला हात न लावता कोपऱ्यातल्या डब्यातून दहा काड्या काढल्या आणि सुट्ट्यांत मिळवल्या. "हातचा घ्या म्हणता ना," म्हणाली. तिच्या लेखी हातचा म्हणजे बाहेरून कुणीतरी दिलेल्या दहा काड्या. शब्द माझा होता, तिनं तो इमानदारीनं पाळला होता. त्या दिवसापासून मी वजाबाकीला 'हातचा घे' म्हणणं सोडलं. 'गठ्ठा सोड' म्हणते. गठ्ठा सोडला की एक गठ्ठा कमी झालेला डोळ्यांना दिसतो, वेगळं सांगावं लागत नाही. आणि 'सातातून तीन' काढणाऱ्यांसमोर फक्त 53 काड्या मांडायच्या. त्या 27 मुळात मांडलेल्याच नसतात, तर त्यातून काढणार काय?

हे सगळं मी चार पानांत लिहून काढलं, चिठ्ठ्या टाचल्या आणि पुढच्या गटसंमेलनात मांडलं (आता त्याला शिक्षण परिषद म्हणतात). तेव्हाच्या केंद्रप्रमुखांनी पाच मिनिटांत थांबवलं. म्हणाले, "बाई, याला संशोधन म्हणत नाहीत. नमुना 17 चा, परिकल्पना नाही, नियंत्रित गट नाही, संदर्भसूची नाही. तुमच्या वर्गात काय झालं हा तुमचा अनुभव झाला." (परिकल्पना म्हणजे आधी मांडलेला अंदाज, नियंत्रित गट म्हणजे तुलनेसाठी काही न बदलता ठेवलेला गट.) हॉलमध्ये चाळीस शिक्षक होते. मी खाली बसले. त्या वर्षी आमच्याकडून जे कृतिसंशोधन (शिक्षकानं स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर केलेलं संशोधन) पुढे गेलं ते साठ पानी होतं, स्पायरल बायंडिंग केलेलं, आणि त्याआधीच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातून गेलेल्या अहवालाशी प्रकरणंच्या प्रकरणं जुळत होती. ते मी स्वतः दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंय.

तुमचा प्रश्न मला का लागला ते आता कळलं असेल.

पुढे 2016 मध्ये एक विषय सहायक (शिक्षकांना एखाद्या विषयात मार्गदर्शन करणाऱ्या) बाई शाळाभेटीला आल्या. अशा भेटी शेरेबुकात चार ओळी लिहून संपतात. या बाई सतरंजीवर मुलांच्या मागे बसल्या, सलग तीन दिवस आल्या. मी डब्यातल्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "52 सोडून 53 का घेतलंत?" अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्या शिकवण्याबद्दल मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. त्यांनीच सांगितलं की ब्राऊन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी 1978 मध्ये नेमक्या अशाच वजाबाकीच्या चुकांचा अभ्यास केला होता, आणि दाखवून दिलं होतं की मुलं निष्काळजीपणानं चुकत नाहीत, एक चुकीचा नियम इमानेइतबारे पाळतात. लिपिंग मा यांच्या 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दलही त्यांच्याकडूनच कळलं. मा यांनी 23 अमेरिकी आणि 72 चिनी शिक्षकांना याच वजाबाकीबद्दल विचारलं होतं. अमेरिकी शिक्षक बहुतेक 'उसना घेणे' म्हणत होते, चिनी शिक्षकांपैकी बरेच जण 'दशक सुटा करणे' म्हणत होते. म्हणजे माझं 'गठ्ठा सोड'. मला त्या रात्री झोप आली नाही, आनंदानं.

त्या तीन दिवसांनी माझ्यात जो बदल झाला तो पंचवीस वर्षांतल्या बाकी सगळ्या प्रशिक्षणांनी मिळून झाला नाही. हॉलमधलं प्रशिक्षण कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. पूर्वचाचणी, प्रोजेक्टर, घटकसंच, चहा, उत्तरचाचणी. 2019 मध्ये 'निष्ठा' हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण आलं, मग कोरोनात तेच 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर गेलं, आणि व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी शिक्षिका मला माहीत आहेत. मी त्यांना दोष देत नाही. 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी (या वाढीव वेतनाच्या पायऱ्या) हवी असेल तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून माणूस बसतो. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात दर शिक्षकानं वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. तास मोजले की तास भरले जातात, एवढंच होणार.

हे नुसतं माझं मत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेबरोबर केलेला अभ्यास तुम्ही वाचायलाच हवा. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा मुलांच्या शिकण्यात जवळजवळ फरक पडला नाही. तिथल्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात त्याच पद्धतीनं शिकवलं तेव्हा मुलं पुढे गेली. म्हणजे शिक्षकाला येत नव्हतं असं नाही, शाळेच्या चौकटीत ते करायला जागा नव्हती. पुढे हरियाणात आपल्या केंद्रप्रमुखांसारख्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः मुलांना शिकवून पाहिलं, शाळेत त्यासाठी रोजचा एक तास राखला, आणि मग ते वर्गात जाऊन शिक्षकांसोबत उभे राहिले. तिथे मुलांचं हिंदी सुधारलं. अधिकाऱ्यानं आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिला, हे वाक्य मी आमच्याकडे अनेकदा बोलून दाखवलंय.

सेवापूर्व, म्हणजे नोकरीआधीच्या, शिक्षणाबद्दल थोडक्यात. डीएडला आमचे सराव पाठ व्हायचे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन. सराव शाळेतल्या पोरांना कोणता प्रश्न कधी येणार हेही पाठ झालेलं असायचं. मूल चुकलं तर पाठ 'फसला' म्हणायचे, त्यामुळे मूल चुकूच नये अशी आमची तयारी. चूक वाचायला कुणी शिकवलंच नाही. नंतर आपल्या राज्यात डीएड कॉलेजांना इतकी सरसकट मान्यता मिळाली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून न्या. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा 2012 चा अहवाल तुमच्या संदर्भांत हवा.

आता मोजायचं कसं. मी सांगते ते करा. शिक्षकाला मत विचारू नका, मुलाची चूक दाखवा. तीन उत्तरं द्या, 53 वजा 27 बरोबर 34, 36 आणि 30. विचारा, या प्रत्येकानं काय विचार केला असेल, आणि पुढचं गणित तुम्ही कोणतं द्याल? हे प्रशिक्षणाच्या आधी विचारा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारा. 'लक्ष देत नाही', 'सराव कमी पडतो' अशी उत्तरं येत राहिली तर प्रशिक्षण वाया गेलं. भाषेसाठी 'बावन्न' म्हटल्यावर 25 लिहिणारं मूल घ्या. मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर, म्हणून मूल ऐकलं तसं लिहितं. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा विषय विधानसभेपर्यंत गेला, सगळे बोलले. दुसरीच्या वर्गातल्या वह्या मात्र कुणी मागितल्या नाहीत. तुम्ही मागा. शंभर शिक्षकांऐवजी सहा शिक्षक घ्या आणि प्रत्येकाच्या वर्गात आठवडाभर बसा.

तुमचे मार्गदर्शक म्हणतील नमुना लहान आहे. त्यांना सांगा की प्रश्न 'किती शिक्षक समाधानी आहेत' असा असेल तर नमुना मोठा लागतो. 'शिक्षक मुलाच्या चुकीतून काय वाचतो' हा प्रश्न असेल तर जवळ बसावं लागतं, आणि शंभर जणांच्या जवळ बसता येत नाही. 2009 मध्ये मला हे उत्तर सुचलं नव्हतं. माझ्या 17 चिठ्ठ्या संशोधनच होत्या. प्रश्न होता, पुरावा होता, एक गोष्ट बदलून काय होतं ते पाहिलं होतं, आणि दुसरा कुणी करून पाहू शकेल इतकं लिहून ठेवलं होतं. परिकल्पना तिसऱ्या पानावर होती. त्या पानापर्यंत मला बोलू दिलं नाही.

एक सांगायला हवं. सगळीच प्रशिक्षणं वाया गेली असं मी म्हणत नाही. गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या मी एका प्रशिक्षणातच पहिल्यांदा हाताळल्या, 'गठ्ठा सोड' तिथूनच पुढे आलं. मोठे सर्वेक्षणही लागतात. मुलांना वाचता येतं का, वजाबाकी येते का हे गावोगाव तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचे आकडे नसते तर वजाबाकी सगळीकडेच अडते हे मला कळलं नसतं, मी वस्तीला आणि ऊसतोडीला दोष देत बसले असते. शिवाय केंद्रप्रमुखांचंही खरं आहे की एकेकाकडे दहा-पंधरा शाळा आणि रोजचं टपाल. तीन दिवस एका वर्गात बसायला त्यांना सवड कुठून मिळणार? पण तेव्हा मी तीन दिवस मागितले नव्हते. दहा मिनिटं मागितली होती.

चिठ्ठ्या अजून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, दर वर्षीच्या वेगळ्या बांधलेल्या. एखाद्या वस्तीशाळेत बसायचं ठरवलंत तर दिवाळीच्या आधी जा. नंतर निम्मा वर्ग कारखान्याच्या तळावर असतो.